पत्रकाखालचं नाव

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



निवडणूक प्रचाराच्या जाहिराती आणि त्यांवर नाव छापण्याचे नियम, असा विषय मला दिला आहे. तो ऐकून काहीजणींनी तोंडं वाकडी केली, ते मी पाहिलं. हुंडा, मारहाण, रेशन, पाणी सोडून हे काय मध्येच, असं वाटणं साहजिक आहे. २०१७ पर्यंत मलाही तसंच वाटायचं.

त्या वर्षी फेब्रुवारीत आमच्याकडे जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका होत्या. बचत गटातली एक ताई पंचायत समितीला उभी राहिली. नवरा वारलेला, दोन मुलं, शिवणकामावर घर चाललेलं. मतदानाच्या दोन दिवस आधी पहाटे गावातल्या प्रत्येक उंबऱ्यात एक कागद पडला. ती रात्री कोणाच्या गाडीवरून येते, मीटिंगच्या नावाखाली कुठे जाते, असलं सगळं त्यात होतं. आम्ही कागद घेऊन चौकीवर गेलो. हवालदारांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "बाई, तक्रार कोणाविरुद्ध लिहू?" खाली ना छापखान्याचं नाव, ना प्रकाशकाचं. ताई पडली. त्या कागदामुळेच पडली असं मी म्हणणार नाही. पण पुढे सहा महिने ती गटाच्या बैठकीला आली नाही.

तेव्हा मी कायद्याचं पुस्तक उघडलं. समाजकार्याची पदवी घेताना हे कोणी शिकवलं नव्हतं.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा. त्यात १९६१ मध्ये १२७-अ हे कलम घातलं गेलं. निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक या दोघांचं नाव-पत्ता हवाच. प्रकाशकाने स्वतःच्या ओळखीचं घोषणापत्र सही करून दोन प्रतींत छापखान्याला द्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या. छापखान्याने त्याची एक प्रत पत्रकासह जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची. राजधानीत छापलं असेल तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. हाताने उतरवून काढलेल्या नकला तेवढ्या वगळल्या आहेत. झेरॉक्स म्हणजे छपाईच. सभेची तारीख, वेळ, जागा एवढंच सांगणाऱ्या कागदाला हे लागू नाही. नियम मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपास करू शकत नाहीत.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हे कलम लोकसभा-विधानसभेसाठी आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपालिका राज्य निवडणूक आयोगाकडे येतात. आपल्या बहुतेक बायका उभ्या राहतात त्या तिथेच. म्हणून निवडणूक लागली की पत्रकांबद्दल आयोगाचे आदेश काय आहेत, हे तहसील कचेरीत जाऊन लेखी मागा. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं छापणं मात्र या सगळ्याच निवडणुकांत गुन्हा आहे. तो पूर्वी दंडसंहितेत १७१-ग खाली होता, जुलै २०२४ पासून न्याय संहितेत कलम १७५ खाली आहे. विधानसभेला तर अशी बदनामी उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने केलेली सिद्ध झाली, तर कलम १२३(४) खाली निवडूनही रद्द होऊ शकते. पण संमती सिद्ध करणार कशी? आधी कागद कोणाचा ते कळायला हवं. सगळी साखळी त्या तळाच्या बारीक ओळीला अडकलेली आहे. आणि बदनामी म्हणजे काय, तर पुरुष उमेदवाराने पैसे खाल्ले म्हणतात, बाईचं मात्र थेट अंथरूण काढतात.

आता पैशाकडे येऊ. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे ४० लाखांची मर्यादा आहे, लोकसभेला ९५ लाखांची. पक्षाला मर्यादाच नाही. उमेदवाराच्या परवानगीशिवाय कोणी 'शुभेच्छुक' त्याच्या जाहिरातीवर खर्च करील तर तोही गुन्हा. दंड पूर्वी पाचशे रुपये होता, आता दहा हजारांपर्यंत आहे. त्यातही दहा रुपयांपर्यंतच्या खर्चाला उमेदवाराने दहा दिवसांत लेखी मान्यता दिली तर सूट! दहा रुपयांत आज चहा येतो, तोही कटिंग.

टीव्हीसाठी सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००४ ला आदेश दिला. जाहिरात दाखवण्याआधी समितीकडून प्रमाणित करून घ्यायची, खर्च किती, किती वेळा दाखवणार, हे अर्जात सांगायचं, पैसे चेक किंवा ड्राफ्टनेच द्यायचे. मग पैसेवाल्यांनी बातमीची वाट धरली. पेड न्यूज म्हणजे खाली नाव नसलेली जाहिरातच. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना ऑक्टोबर २०११ मध्ये निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं, ते असा खर्च हिशेबात न दाखवल्यामुळे. त्या बाई होत्या म्हणून मला हळहळ नाही. पण राखीव जागेवर उभ्या राहणाऱ्या आपल्या मैत्रिणींना मी हे उदाहरण मुद्दाम सांगते. पोस्टरवर नवऱ्याचा फोटो तुमच्या फोटोपेक्षा मोठा असेल, प्रचार दीर चालवत असतील, तरी खर्चाच्या हिशेबाखाली सही तुमची असते. पावत्या स्वतःकडे ठेवा.

आता कागदाच्या जागी फोन आला. २०१९ पासून फेसबुक आणि गूगलवर राजकीय जाहिरातीचे पैसे कोणी दिले हे दाखवावं लागतं, पण तो कंपन्यांचा स्वतःचा नियम आहे, आणि दाखवलेलं नाव पुष्कळदा कुठल्यातरी पानाचं असतं, माणसाचं नाही. व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या मजकुराला तेवढंही नाव नसतं. निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवताना १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पक्षाचा पैसा कुठून येतो हे जाणण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. तो हक्क उंबऱ्यातल्या कागदापर्यंत आणि हातातल्या फोनपर्यंत यायला हवा, असं मला वाटतं.

नाव छापणं आपल्यालाही जड जातं, हे मला मान्य आहे. २०१९ च्या विधानसभेला आमच्या मतदारसंघात एक उमेदवार होता. बायकोच्या छळाचा खटला चालू असल्याचं त्याच्याच प्रतिज्ञापत्रात लिहिलेलं. आम्ही तेवढीच माहिती देणारं पत्रक काढायचं ठरवलं. छापखानेवाले म्हणाले, "मॅडम, नाव कशाला? माझंही नको, तुमचंही नको." गटातल्या दोघी-तिघींनाही तेच हवं होतं. रात्री दारात माणसं आली तर? ही भीती खोटी नव्हती. दोन संध्याकाळी वाद झाला. शेवटी त्या २०१७ च्या ताईने विचारलं, "मग माझ्या दारात पडलेल्या कागदाला तुम्ही काय म्हणत होता?"

प्रकाशक म्हणून माझं नाव गेलं, साक्षीदार म्हणून दोघींच्या सह्या. माणसं एकदा आली, दारात उभी राहिली, गेली. छापखानेवाल्यांना मात्र त्या हंगामात पक्षांची कामं मिळाली नाहीत. त्याची रुखरुख मला अजून आहे.

त्या घोषणापत्राची प्रत मी सोबत आणली आहे. जेवणाच्या सुट्टीत बघा, नमुना वहीत उतरवून घ्या.