सोळा मतांचें अंतर



निवडणूक म्हटली कीं सभा, झेंडे, कर्णे आणि भिंतींवर चिकटविलेलीं पत्रकें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. आज ज्या प्रदेशाची माहिती मी सांगणार आहें, तेथें राजकीय पक्षच नाहींत. तरीहि दर तीन वर्षांनीं, जानेवारी महिन्यांत, तेथें सार्वत्रिक निवडणूक होते. हा प्रदेश म्हणजे प्रशांत महासागरांतील टोकेलाऊ.

सामोआच्या उत्तरेस सुमारें ५०० किलोमीटरांवर अताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो हीं तीन प्रवाळबेटें आहेत. तिन्हींची जमीन मिळून १० ते १२ चौरस किलोमीटर. लोकसंख्या सुमारें १,५००, म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान ग्रामपंचायतीएवढी. विमानतळ नाहीं. अपिया बंदरांतून जहाजानें निघालें तर पोहोंचावयास एका दिवसाहून अधिक काळ लागतो. १८८९ मध्यें हीं बेटें ब्रिटिश संरक्षणाखालीं आलीं, आणि १ जानेवारी १९४९ पासून तीं न्यूझीलंडचा भाग झालीं.

प्रत्येक बेटावर कुटुंबांतील वडीलधाऱ्यांची पंचायत असते. तिला ‘तौपुलेगा’ म्हणतात. गांवची खरी सत्ता तिच्याच हातीं. निवडणुकींत प्रत्येक बेट एक ‘फाइपुले’, म्हणजे बाहेरच्या जगाशीं बोलणारा प्रमुख, आणि एक ‘पुलेनुकू’, म्हणजे गांवकारभार पाहणारा, असे दोघे निवडतें. शिवाय ‘जनरल फोनो’ या विधिमंडळासाठीं प्रतिनिधि निवडले जातात. या मंडळास कायदे करण्याचा अधिकार १९९६ मध्यें मिळाला. तिन्ही फाइपुले वर्षावर्षानें आळीपाळीनें सर्व प्रदेशाचे प्रमुख होतात, आणि प्रमुखपदाबरोबर राजधानीहि त्या त्या बेटावर जाते! कोणतेंहि बेट वडील नाहीं, कोणतेंहि धाकटें नाहीं. पकडून आणलेली मासळी सर्व घरांत वांटून देण्याची ‘इनाति’ नांवाची जी जुनी रीत तेथें आहे, तिचीच छाया या व्यवस्थेवर पडली आहे असें मला वाटतें.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. न्यूझीलंडशीं संबंध राखून आपला कारभार पूर्णपणें आपण चालवावा काय, असा प्रश्न २००६ मध्यें मतदारांपुढें ठेवण्यांत आला. दोन-तृतीयांश मतें अनुकूल पडलीं तरच बदल, अशी अट फोनोनें आपण होऊन घातली होती. ५८१ पैकीं ३४९ मतें अनुकूल पडलीं. तीं पुरलीं नाहींत. ऑक्टोबर २००७ मध्यें पुन्हां मतदान झालें. ६९२ मतें पडलीं; त्यांतील ४४६ अनुकूल, २४६ प्रतिकूल. दोन-तृतीयांशांसाठीं ४६२ हवीं होतीं. सोळा मतें कमी पडलीं, आणि सर्व कांहीं होतें तसेंच राहिलें.

अंकगणिताच्या तासाला हें उदाहरण घातलें तर एखादा चुणचुणीत मुलगा लगेच विचारील, “गुरुजी, ४४६ हे २४६ हून मोठे ना? मग मोठा आंकडा हरला कसा?” प्रश्न रास्त आहे. फाइपुले चुकीचा निवडला गेला तर तीन वर्षांनीं दुसरा निवडतां येतो. पण एकदां मोडलेलें नातें तीन वर्षांनीं पुन्हां जोडतां येईलच असें नाहीं. न्यूझीलंडचें नागरिकत्व आणि तेथील मदत यांवर त्या बेटांचा संसार उभा आहे. त्याविषयीं ज्यांच्या मनांत धास्ती होती ते शेजारीच होते. हरलेला आणि जिंकलेला दुसऱ्या दिवशीं एकाच होडींतून मासे धरावयास जाणार! तेव्हां निर्णय असा हवा, कीं होडी डगमगूं नये.

याची दुसरीहि बाजू आहे, ती झांकून ठेवणें योग्य नव्हे. टोकेलाऊचे लोक बेटांपेक्षां न्यूझीलंडांतच कितीतरी अधिक संख्येनें राहतात, आणि त्यांस या प्रश्नावर मत देतां आलें नाहीं. शिवाय, कडक अट घातली कीं थोडक्यांची इच्छा पुष्कळांस अडवूं शकते, हेंहि खरें. अनुकूल मत देणाऱ्या त्या ४४६ जणांस हें शल्य बोंचलें नसेल असें कोण म्हणेल?

तथापि त्यांनीं अट मोडली नाहीं, कीं निकाल नाकारला नाहीं. आपणच घातलेला नियम आपल्याच विरुद्ध गेला असतां तो पाळणें, ही लोकशाहीची खरी परीक्षा होय. त्या परीक्षेस दीड हजारांची वस्ती उतरली. मोठ्या राष्ट्रांनीं तिच्याकडे पाहून आपली उत्तरपत्रिका एकदां तपासून पाहावी, एवढेंच सुचवून मी आपली रजा घेतों.