एडिनबरोचे पब : विरोधकांनी घडवलेली वास्तू
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



विषय छापून आल्यापासून आयोजकांना फोन येत होते, असं मला आत्ताच कळलं. ज्या मांडवात काल ज्ञानेश्वरीवर निरूपण झालं, तिथे आज दारूचे गुत्ते कशाला, असा एकंदर सूर होता. फोन करणाऱ्यांपैकी काही जण पहिल्याच रांगेत बसलेत, असंही कळलं. (हशा) त्यांचं मी मनापासून स्वागत करतो. कारण आजचं व्याख्यान खरं तर त्यांच्याचसाठी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. स्कॉटलंडचा जुना पब दारूवाल्यांनी बांधला असेल, पण घडवला तो दारूच्या विरोधकांनी. त्याचं दार कुठे असावं, काउंटर कुठे, आत आडोसा किती, तो कधी उघडावा आणि कधी मिटावा, हे सगळं परवाना देणाऱ्या न्यायाधीशांनी, चर्चच्या मंडळींनी आणि दारूबंदीवाल्यांनी ठरवलं. एडिनबरोच्या जुन्या शहरातून पायी फिरताना मी पब असे बघतो. तुम्हालाही आज तसेच दाखवणार आहे.

मुंबई-पुण्याचे स्कॉटिश संबंध तुम्हाला ठाऊकच आहेत. एल्फिन्स्टन एडिनबरोच्या शाळेत शिकले, विल्सन कॉलेजचे विल्सन स्कॉटिश मिशनरी, एडिनबरोची बिअर गलबतांतून हिंदुस्थानात यायची. त्यात शिरत नाही. शहराचा नकाशाही थोडक्यात सांगतो. वर डोंगरमाथ्यावर किल्ला, खाली होलीरूडचा राजवाडा आणि दोहोंना जोडणारा एकच उतरता रस्ता, रॉयल माइल. त्याच्या दोन्ही अंगांना चिंचोळे बोळ फुटलेले. तट असल्यामुळे शहराला आडवं पसरायला जागा नव्हती, म्हणून ते उभं वाढलं. दहा-दहा मजल्यांच्या दगडी इमारती, आणि एकाच जिन्यावर वेगवेगळ्या मजल्यांवर सरदार, वकील आणि चांभार.

आता विचार करा, अशा घरात पाहुणा बसवायचा कुठे? अशिलाशी बोलायचं कुठे? वकील अशिलाला भेटायचा ते टॅव्हर्नमध्ये. सौदे तिथे व्हायचे, मंडळं तिथे भरायची. रात्री दहाला नगारा वाजला की लोक उठायचे, कारण त्यानंतर वरच्या खिडक्यांतून दिवसभराचं सांडपाणी आणि मैला खाली ओतला जायचा. (हशा) हसू नका, दहाला उठण्याइतकं सबळ कारण दुसऱ्या कुठल्याही कायद्याने दिलेलं नाही!

चला, किल्ल्याकडून खाली उतरू. लॉनमार्केटमध्ये डीकन ब्रॉडीच्या नावाचा पब लागतो. विल्यम ब्रॉडी हा नामांकित सुतार, सुतारांच्या संघाचा प्रमुख, नगरपालिकेचा सभासद. दिवसा लोकांच्या घरी कपाटं आणि कुलपं बसवायचा, रात्री त्याच घरांत चोऱ्या करायचा. १७८८ मध्ये त्याला फाशी दिलं. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनला जेकिल आणि हाइडची कल्पना सुचण्यात या माणसाचा वाटा मानतात. पर्यटक पाटीवरच्या ब्रॉडीचे फोटो काढून पुढे जातात. आपणही जाऊ, कारण मला तुम्हाला थोडं पुढे, हाय स्ट्रीटवरच्या अँकर क्लोज नावाच्या बोळात न्यायचंय.

या बोळात डॉनी डग्लसचं टॅव्हर्न होतं. आज ते नाही, बोळ आहे. याच बोळात विल्यम स्मेली या मुद्रकाचा छापखाना होता. हा स्मेली एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या पहिल्या आवृत्तीचा संपादक. त्याने डग्लसच्या टॅव्हर्नमध्ये क्रोकॅलन फेन्सिबल्स नावाचं मित्रमंडळ काढलं होतं. १७८७ मध्ये रॉबर्ट बर्न्स एडिनबरोत होता तेव्हा त्याचा कवितासंग्रह स्मेलीच्या छापखान्यात छापला जात होता आणि कवी त्याच बोळात मंडळाच्या बैठकीत बसत होता. मुद्रितं इथे तपासायची, गाणी तिथे म्हणायची. ज्ञानकोश करणारा माणूस आणि शेतकऱ्याचा पोर एका बाकावर बसले, ते या टॅव्हर्नमुळे. दिवाणखाना असलेल्या श्रीमंत शहरात ही भेट इतकी सहज झाली नसती, असं माझं ठाम मत आहे.

आणि हाच बर्न्स दोन वर्षांनी, १७८९ मध्ये, अबकारी खात्यात नोकरीला लागला. मद्याचा गौरव करणारा कवी मद्यावरचा कर गोळा करत घोड्यावरून गावोगाव हिंडायचा. ग्रासमार्केट या चौकातला व्हाइट हार्ट इन त्याच्या १७९१ च्या मुक्कामाची आठवण आजही मिरवतो. शेजारीच 'द लास्ट ड्रॉप' आणि 'मॅगी डिक्सन्स' हे पब. नावं चौकातल्या फाशीवरून आलेली. मॅगी डिक्सनला १७२४ मध्ये इथे फाशी दिलं, आणि प्रेत मसलबरोला नेत असताना ती पेटीत जागी झाली. शिक्षा एकदा अमलात आली, पुन्हा देता येत नाही, म्हणून ती पुढे कितीतरी वर्षं जगली. कायद्याचं बोट धरून जिवंत राहिलेल्या बाईचं नाव पबला असावं, हे माझ्या मुद्द्याला धरूनच आहे.

(या वेळी श्रोत्यांतून एका ज्येष्ठ भगिनींनी प्रश्न विचारला.)

ताईंचा प्रश्न मागे ऐकू गेला नसेल, मी परत सांगतो. त्या म्हणतात, ‘आम्ही गावागावांत बाटली आडवी केली. तुम्ही बाटली उभी करणाऱ्यांची वास्तू दाखवायला निघालात, हे कसं?’ (टाळ्या) टाळ्या रास्त आहेत. याचं उत्तर मी शेवटी देणार होतो, ते आत्ताच देतो. आणि वेळ लागला तरी देतो.

ताई, जे तुम्ही केलंत ते स्कॉटलंडने १९२० मध्ये केलं. १९१३ चा टेम्परन्स कायदा तिथल्या मतदारांना अधिकार देत होता की आपल्या भागातले दारूचे परवाने ठेवायचे, कमी करायचे की सगळे रद्द करायचे, हे मतदानाने ठरवा. महायुद्धामुळे अंमल लांबला. पूर्ण बंदीसाठी झालेल्या मतांपैकी ५५ टक्के मतं लागायची, आणि शिवाय एकूण मतदारांपैकी ३५ टक्क्यांनी बंदीच्या बाजूने मत द्यावं लागायचं. उभी बाटली, आडवी बाटली आणि मधली तिरकी, असे तीन पर्याय म्हणा. (हशा) बहुतेक ठिकाणी पब टिकले. पण उत्तरेच्या टोकाला वीक नावाचं बंदर आहे, हेरिंग माशांच्या व्यापाराने गजबजलेलं. तिथे बाटली आडवी झाली, आणि ते गाव १९२२ ते १९४७, पाव शतक, कोरडं राहिलं. मच्छीमारांच्या बायकांचा त्यात किती हात असेल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्याच १९२२ सालची गोष्ट. डंडी मतदारसंघात विन्स्टन चर्चिल उभे होते. त्यांना हरवणाऱ्यांत एडविन स्क्रिमजर होते, दारूबंदीच्या नावावर ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले एकमेव सभासद. अनेकदा पडले, पुन्हा उभे राहिले, आणि शेवटी चर्चिलांना घरी पाठवलं. (टाळ्या) ज्या देशाला आपण व्हिस्कीचा देश म्हणतो, त्या देशात ही ताकद होती.

आता यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते सांगतो. एडिनबरोपासून जवळच खाणकामगारांची गावं आहेत, प्रेस्टनपॅन्स आणि न्यूटनग्रेंज. तिथल्या सुधारकांनी तिसरा मार्ग काढला. तो स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहराचा. दारूचं दुकान असू दे, पण ते गावाच्या विश्वस्तांचं असू दे. भागधारकांना मर्यादित लाभांश, उरलेला सगळा नफा गावाचा. दारू खपवण्यात कुणाचाच स्वार्थ नको, म्हणून दुकान फार आकर्षकही करायचं नाही, असा मूळ विचार. न्यूटनग्रेंजचं डीन टॅव्हर्न १८९९ चं. त्याच्या नफ्यातून गावाला बाग, चित्रपटगृह अशा सोयी मिळाल्या. प्रेस्टनपॅन्सचं 'गोथ' १९०८ चं, समुद्रकाठी, फार देखणं. देखणं करायचं नाही हा नियम तिथे कुणीतरी विसरलं, आणि मी त्याचा ऋणी आहे.

ताई, तुमच्या लढ्याला मी विरोध करत नाही. घरातला पगार गुत्त्यात जातो तेव्हा गुत्ता बंदच व्हायला हवा. मला एवढंच म्हणायचंय की या लढ्याने तिथे वास्तूला आकार दिला, आणि तो आकार जपण्यासारखा आहे. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने आरोग्यासाठी मद्य बाळगायचा परवाना दिला. या मंडपात तो किती जणांच्या खिशात आहे ते विचारत नाही. (मोठा हशा) पण त्या कायद्याने एकही सुंदर खोली निर्माण केली नाही. आपल्याकडे अंधार, पडदे आणि मागचं दार आलं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. पंधरा मिनिटं उरलीत, आणि आपण अजून ग्रासमार्केटमध्येच आहोत. भरभर चालू.

चालण्यावरूनच आठवलं, हे गाळता येणार नाही. १८५३ च्या फोर्ब्स मॅकेन्झी कायद्याने पब रात्री अकराला आणि रविवारी पूर्ण बंद झाले. रविवारी पेय मिळे ते फक्त हॉटेलात, आणि तेही खऱ्या प्रवाशाला. म्हणून शहरातली माणसं रविवारी पायी निघून पुढच्या गावी जात, आणि तिथले लोक इकडे येत. वाटेत एकमेकांना नमस्कार होत असणार! (हशा) पुढे पुढे हॉटेलात नोंदवही आली, तिच्यात कुठून कुठे निघालो ते लिहून सही करायची. १९६२ पर्यंत हे चाललं. म्हणजे पबसाठी पायी फिरणं हा पर्यटन कंपन्यांचा शोध नाही, ती शंभर वर्षं कायद्याने घालून दिलेली रीत होती. हे मला कळलं तेव्हा माझी ही फेरी मला अधिकच आवडायला लागली.

ग्रासमार्केटमधून वर चढलं की फॉरेस्ट रोडवर सँडी बेल्स. लोकगीतांचं घर. हॅमिश हेंडरसन, ज्यांनी भटक्या जमातींकडून, शेतमजुरांकडून शेकडो गाणी ध्वनिमुद्रित केली, ते विद्यापीठाच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजमधून निघून इथे येऊन बसत. संध्याकाळी कोपऱ्यात फिडल सुरू होतं, तिकीट नाही, व्यासपीठ नाही. यावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल, आयोजकांनी नोंद घ्यावी.

आता पूल ओलांडून नव्या शहरात, रोज स्ट्रीटवर. इथलं ॲबट्सफर्ड १९०२ चं. आत पाऊल टाकलं की खोलीच्या मधोमध काउंटर दिसतं, चारी बाजूंनी मोकळं, महोगनीचं, वर कोरीव मांडणी. माझ्या म्हणण्याचा पुरावा म्हणजे हे काउंटर. परवाना देणाऱ्या न्यायाधीशांना आडोसे नको होते. अंधाऱ्या कोनाड्यात कोण किती पितो, कोण जुगार खेळतो, हे दुकानदाराला एका जागेवरून दिसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. बेटासारखं काउंटर मधोमध आलं आणि देखरेख सोपी झाली. पण झालं काय, तर त्याच काउंटरभोवती सगळे एकमेकांना दिसायला लागले! कारकून, छापखान्यातला कामगार, प्राध्यापक, एकाच वर्तुळात. नजर ठेवण्यासाठी केलेल्या खोलीत संभाषण फुललं. ह्यू मॅकडायर्मिड, नॉर्मन मॅकेग, सॉर्ली मॅकलीन, सिडनी गुडसर स्मिथ ही कवी मंडळी याच रस्त्यावर, इथे आणि जवळच्या मिल्न्स बारमध्ये जमायची. अलेक्झांडर मॉफॅटने १९८० मध्ये 'पोएट्स पब' नावाचं चित्र काढलं, त्यात ही सगळी एकत्र बसलेली आहेत. ते शहरातल्या स्कॉटिश राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे, चुकवू नका.

या वर्तुळात एक मोठी खोट होती, ती सांगितलीच पाहिजे. स्त्रिया त्यात नव्हत्या. कितीतरी पबांत त्यांना प्रवेशच नव्हता, स्वच्छतागृह नव्हतं. १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यानंतर दारं उघडली. हेही कायद्यानेच झालं, आणि फार उशिरा झालं.

कॅफे रॉयलमध्ये जेम्स वॅट, फॅरडे, स्टीफन्सन अशा संशोधकांची डोल्टन कंपनीच्या फरशांवरची चित्रं आहेत. १९६० च्या दशकात ती इमारत जाणार होती, शहरवासीयांनी सह्या गोळा करून ती वाचवली. तिकडे आज जाता येणार नाही, दोन मिनिटं उरलीत.

चिठ्ठ्या आल्यात. पहिली : ‘आपण स्वतः घेता का?’ हो, अर्धा पाइंट घेतो, आणि तो तासभर पुरवतो. दुसरी : ‘पबच्या वेळा वाढल्या तर व्यसन वाढतं ना?’ १९७३ मध्ये डॉ. क्लेसन यांच्या समितीने उलटं सांगितलं. हे क्षयरोगाचे डॉक्टर होते. दार लवकर मिटणार म्हणून माणसं घाईघाईने ढोसतात, ती घाई कमी करा, असं त्यांचं म्हणणं. १९७६ च्या कायद्याने वेळा सैल झाल्या. स्कॉटलंडचा दारूचा प्रश्न त्याने सुटला नाही. २०१८ पासून तिथे मद्याला किमान किंमत ठरवून द्यावी लागली, तीही मुख्यतः दुकानातून घरी नेल्या जाणाऱ्या स्वस्त दारूसाठी. म्हणून मी म्हणतो, चार लोकांच्या नजरेसमोर घेतलेला पेला आणि बंद दाराआड रिकामी केलेली बाटली यांना एका मापाने मोजू नका.

शेवटची चिठ्ठी पहिल्या रांगेतून : ‘न पिणाऱ्याने कुठे जावं, आणि कधी?’ ॲबट्सफर्डला जा. दुपारी तीनला जा, १९७६ च्या कायद्याआधी त्या वेळी दार बंद असायचं. कॉफी मागा, काउंटरला एक पूर्ण प्रदक्षिणा घाला, आणि मान वर करून छत बघा.