पहिली टिग मशीन घेताना

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका ताईंनी केलेलं भाषण)



शेळीपालन, शिलाई, पापड यांवर बोलणाऱ्या ताया आपल्यात पुष्कळ आहेत. मी वेल्डिंगवर बोलते. मागच्या बैठकीत दोन गटांनी विचारलं, "ताई, टिग मशीन घ्यायची, कोणती घेऊ?" सांगते, पण आधी माझी चूक ऐका.

पहिली मशीन घेताना मी डब्यावर "टिग" लिहिलेलं पाहिलं, भाव कमी पाहिला अन् गटातून कर्ज उचललं. घरी आणल्यावर कळलं, टॉर्च वेगळी घ्यायची, आरगॉनचं सिलिंडर वेगळं, रेग्युलेटर वेगळा. पैसे तर संपले होते. हप्ता मात्र थांबत नाही. बैठकीत मान खाली घालून बसावं लागलं. शेवटी तीच मशीन साध्या रॉडवर चालवून, गेट-ग्रिलची कामं करून मी कर्ज फेडलं. म्हणून सांगते, आधी काम ठरवा, मग मशीन.

गेट, ग्रिल, ट्रॉली, गोठ्याचा सांगाडा यांना रॉडची आर्क वेल्डिंग पुरते आणि ती स्वस्त पडते. टिग लागते ती स्टीलचं रेलिंग, टाकी, हॉटेलचं टेबल, पातळ पत्रा अशा कामाला. तिच्यात टंगस्टनची सुई असते आणि आरगॉन वायू वितळलेल्या धातूला हवा लागू देत नाही. म्हणून सांधा स्वच्छ येतो. लोखंड आणि स्टीलला डीसी मशीन चालते. ॲल्युमिनियमला एसी लागतं. एसी-डीसी मशीन बरीच महाग असते. ॲल्युमिनियमचं काम हातात नसेल तर काहून घ्यायची?

आता अँपिअर. साधा अंदाज असा, एक मिलिमीटर जाडीला चाळीसेक अँपिअर. रेलिंगच्या दीड मिलिमीटर पाइपाला 60, तीन मिलिमीटरला 120. म्हणजे 200 अँपिअरची मशीन पुष्कळ झाली. पण कमीत कमी किती अँपिअरवर ती स्थिर चालते, तेही विचारा. नाही तर पातळ पत्र्याला भोकं पडतात.

नव्या हाताला एचएफ असलेली मशीन बरी. बटण दाबलं की सुई न टेकवता ठिणगी पडते. टेकवून चालू करायच्या मशीनवर सुरुवातीला सुई चिकटते, खराब होते, सारखी घासावी लागते. शेवटी करंट हळूहळू उतरतो का, आणि बटण सोडल्यावर गॅस थोडा वेळ चालू राहतो का, हेही पाहा.

मग आपली लाइन. घरी सिंगल फेज असेल तर 230 व्होल्टवर चालणारीच मशीन घ्या. संध्याकाळी व्होल्टेज किती उतरतं ते आधी मोजून घ्या, आणि तेवढ्यावर मशीन चालेल का ते दुकानदाराकडून लिहून घ्या. अर्थिंग पक्कं करा. मशीनवर "60 टक्के" लिहिलं असेल तर त्या करंटवर दहा मिनिटांत सहा मिनिटं चालवायची, चार मिनिटं थंड होऊ द्यायची. आपल्याकडच्या मे महिन्यात ती त्याहून लवकर तापते.

गॅसचा हिशेब करा. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण 7 घनमीटर, म्हणजे 7000 लिटर वायू मावतो. मिनिटाला आठ लिटर धरले तर साडेचौदा तास जाळ चालतो. सिलिंडर भरून कुठे मिळतं, जाण्या-येण्याचं भाडं किती, हे मशीनच्या आधी विचारा. सिलिंडर उभं, साखळीनं बांधून ठेवा. काम करताना पंख्याचा झोत नको, गॅस उडून जातो.

जिवाची काळजी पहिली. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला; नायलॉनची साडी नको, पदर खोचा, केस बांधा. चामड्याचे हातमोजे आणि 10-11 नंबरची काच हवीच. काच न लावता पाहिलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यागत होतं. लेकरांना दूर ठेवा. लाल टोकाच्या सुईत थोरियम असतं, तिची घासताना उडणारी धूळ घातक. करड्या किंवा निळ्या टोकाची घ्या.

पैशाचं शेवटी. मशीन, टॉर्च, सिलिंडर, रेग्युलेटर, सुया, काच, ग्राइंडर, सगळं एका कागदावर मांडा. तीन दुकानांचे भाव आणा, गटात वाचा, मगच ठराव करा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलेला 35 टक्के अनुदानाची तरतूद आहे, स्वतःचा वाटा 5 टक्के. ती योजना नव्या उद्योगाला आहे, म्हणून आधी अर्ज, मग खरेदी. चालू नियम बुलढाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

आणि दुकानात जाताना आपल्या कामाचा पाइपाचा तुकडा पिशवीत न्या. त्यावर सांधा स्वतः मारून पाहा. दुकानदार मारू देत नसेल, तर पैसे पिशवीतच राहू द्या.

जय जिजाऊ!