घराटाचे दळण



पाण्यावर चालणारे जाते म्हटले की आपल्याला छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आठवते. तिथे आपण पाहायला जातो. उत्तराखंडच्या डोंगरांत मात्र अशा चक्कीवर लोक आजही दळण घेऊन जातात. तिकडे तिला घराट म्हणतात.

ओढ्याकाठी दगडाची बुटकी खोली असते. पाटाने आणलेले पाणी उतरत्या लाकडी पन्हळीतून खोलीखालच्या आडव्या चाकावर आदळते. चाकाचा उभा दांडा खालच्या स्थिर दगडातून वर येतो आणि वरचा दगड फिरवतो. मध्ये दुसरे यंत्र नाही. दाण्यांची टोपली वर टांगलेली असते. तिला बांधलेली काठी फिरत्या दगडावर टेकते. दगडाच्या खडबडीतपणाने काठी थरथरते, टोपली हलते आणि दाणे जात्याच्या तोंडात पडतात. पाण्याचा जोर वाढला, की दगड वेगाने फिरतो आणि दाणेही जास्त पडतात. जोर ओसरला, की वैरण आपोआप कमी होते.

दगड संथ फिरतो, म्हणून गव्हाचे, नाचणीचे पीठ फारसे तापत नाही. दळणाची मजुरी पिठाच्या वाट्यातून देण्याची रीत जुनी आहे. काम झाल्यावर पाणी पुन्हा ओढ्याला मिळते.

पुढे डिझेलच्या आणि विजेच्या गिरण्या आल्या. दळण झटपट होऊ लागले. कुठे पाट पुरात वाहून गेले, कुठे झरे आटले. अनेक घराट बंद पडले.

डॉ. अनिल जोशी यांच्या ‘हेस्को’ या संस्थेने या घराटांत लक्ष घातले. लाकडी पात्यांच्या जागी धातूची पाती आणि दांड्याला बेअरिंग बसवले, की तेवढ्याच पाण्यात जास्त दळण निघते. चाकाला जनित्र जोडले, तर वीजही मिळते. असा सुधारलेला घराट जागा पाहून ५ किलोवॉटपर्यंत वीज देऊ शकतो. काही घरांचे दिवे लागायला ती पुरेशी आहे.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. घराट चालायचा तर ओढा वाहता हवा, आणि ओढा वाहता राहायचा तर वरचे जंगल उभे हवे. ज्याची भाकरी त्या पाण्यावर दळली जाते, तो झाडावर सहजासहजी कुऱ्हाड चालू देणार नाही. म्हणून घराट नुसते जतन करून भागणार नाही. त्यांना दळण मिळाले पाहिजे आणि त्या पिठाला रास्त भाव मिळाला पाहिजे.