मातींतील भूकंपाची बखर

पृथ्वीच्या कवचांतील मोठी भेग शतकानुशतकें निश्चल भासते. तरी खालीं खडकांत ताण सांचतच असतो. तो सुटला, कीं वरच्या मातींत त्याची नोंद होते.

कॅलिफोर्नियांत सान अँड्रियास भेगेवर, लॉस एंजल्सच्या ईशान्येस, पॅलेट नांवाचा ओढा आहे. तेथें पूर्वीं दलदल होती. कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या थरावर पुराची वाळू पसरे; तिजवर पुन्हां दलदल माजे. १९७० नंतरच्या दशकांत भूशास्त्रज्ञ केरी सी यांनीं तेथें चर खणले. कांहीं थर भेगेपाशीं तुटलेले, तर त्यांवरचे अखंड आढळले. अर्थात् खालचे थर सांचल्यावर व वरचे सांचण्यापूर्वीं भूकंप झाला असला पाहिजे. काळ्या थरांतील कर्बावरून त्यांचें वय ठरलें.

सुमारें तेराशें वर्षांत दहा मोठे भूकंप! सरासरी अंतर १३२ वर्षांचें; पण ते नियमानें आले नाहींत. कांहीं लागोपाठ आले, मग दोन-तीन शतकें शांतता. शेवटचा १८५७ चा.

तेव्हांपासून तेथें मोठा भूकंप नाहीं. म्हणून संकट टळलें, असें मात्र नव्हे. माती तिथि सांगत नाहीं. घरें बळकट बांधा, एवढेंच बजावते.