निनावी पत्राचे नवे रूप

(वार्षिक स्नेहसंमेलनात महिला शाखेच्या वतीने केलेले भाषण)



निनावी पत्र आपल्या समाजास नवे नाही. लग्न ठरले की अक्षराचे वळण बदलून, परगावच्या पेटीत टाकलेले ‘एक हितचिंतक’ अशा सहीचे पत्र वरपक्षाच्या घरी येऊन पडे आणि जमलेली सोयरीक मोडे. वडीलधाऱ्यांस हे सांगावयास नको. आज त्या हितचिंतकाने टपालाची वाट सोडली आहे. तो ई-मेलने येतो, आणि एकदा येऊन थांबत नाही. रात्री-अपरात्री, नवनव्या खोट्या नावांनी, मुलीच्या हातातील फोनवर येत राहतो. यास्तव व्यवहाराच्या चार गोष्टी आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट, असा मेल पुसून टाकू नये. संतापाने वा लज्जेने तो पुसावासा वाटतो. परंतु तोच पुरावा होय. मूळ मेलच्या मस्तकी, ज्यास ‘हेडर’ म्हणतात तेथे, तो कोणत्या मार्गाने व केव्हा आला याच्या नोंदी असतात. त्या टपालाच्या शिक्क्यांसारख्या समजाव्यात. कागदावर छापलेल्या किंवा दुसऱ्यास पुढे पाठविलेल्या प्रतीत हे शिक्के सहसा उरत नाहीत. म्हणून मूळ मेल जागच्या जागी राहू द्यावा.

दुसरी गोष्ट, वादविवाद करू नये. कोणी सलगी करीत असेल तर ‘यापुढे लिहू नये’ असे एकदाच स्पष्ट कळवावे आणि मौन धरावे. स्त्रीने नापसंती स्पष्ट दर्शविल्यावरही पुरुषाने वारंवार संपर्क साधणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ अन्वये गुन्हा आहे. धमकी देऊन पैसे मागणाऱ्यास मात्र तेवढेही उत्तर देऊ नये, पैसे तर मुळीच देऊ नयेत. मेलमधील दुव्यांस हात लावू नये.

तिसरी गोष्ट, तक्रारीस विलंब करू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार करता येते. पोलीस ठाण्यात गेल्यास, ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असे म्हणून दखलपात्र गुन्ह्याची खबर नाकारता येत नाही. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. नाव लपवून धमकी देणाऱ्यास धमकीच्या शिक्षेखेरीज आणखी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनी संगणकीय नोंदी १८० दिवस राखाव्यात, असा केंद्र सरकारच्या यंत्रणेचा २०२२ चा आदेश आहे. त्यापुढे त्या राहतीलच असे नाही, हे ध्यानी घ्यावे. मुंबईत २००९ साली एका तरुणीस अनोळखी पत्त्यावरून अश्लील मेल येऊ लागले. तिने तक्रार केली; पाठविणारा तिच्या परिचयाचाच निघाला आणि २०१५ साली न्यायालयाने त्यास दोषी ठरविले. वेळ लागला, तथापि पडदा फाटला.

चौथी गोष्ट कायद्याची नसून आपल्या घरांची आहे. मुलगी धीर करून सांगावयास येते आणि आपण प्रथम विचारतो, “तुलाच का आले?” या एका प्रश्नाने तिचे तोंड कायमचे बंद होते, आणि निनावी माणसास हवे असते ते नेमके हेच. वरपक्षाकडे असा मेल आला तर त्यांनी तो गुपचूप वाचून नकार कळवू नये. मुलीच्या वडिलांस बोलावून तो त्यांच्यापुढे ठेवावा. ज्या आरोपास नाव नाही, त्यावर एका कन्येचे भवितव्य तोलणे आपल्या कुळांस शोभत नाही.

शेवटी मंडळास एक विनंती. वधू-वर सूचीत मुलींचा स्वत:चा ई-मेल आणि फोन क्रमांक छापू नये. केवळ नोंदणी क्रमांक द्यावा आणि पत्रव्यवहार कार्यालयामार्फत व्हावा. कार्यवाहांचे काम थोडे वाढेल, परंतु अनेक घरांची झोप सुरक्षित राहील.

ज्यास खरोखर हित चिंतावयाचे असते, त्यास नाव लपवावे लागत नाही. एवढी कसोटी आपण सर्वांनी ध्यानी ठेवावी, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.