घरातला सिंहगड



जुना ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही दुरुस्त करतोय म्हटलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, 'पण त्यावर दिसणार काय?' विचारतो टोमणा मारायला, पण बोट मात्र वर्मावर ठेवतो. टीव्ही हे यंत्र आपण समजतो तसं बैठकीच्या खोलीत मावणारं कधीच नव्हतं. आमच्या पारनेरपुरतं बोलायचं तर त्याचा अर्धा भाग सिंहगडावर होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि तेच कार्यक्रम पुण्याला दिसू लागले. पुण्यासाठी सोडलेल्या त्या लहरी सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर तुडवत पारनेरला यायच्या, तोवर त्यांच्यातला जीव गेलेला असायचा. पण गड तेराशे मीटर उंच, आमचं पठारही उंचावर. मधल्या डोंगरांना चुकवून जे काही येईल ते पकडायला लोकांनी घराच्या दुप्पट उंचीचे पाइप उभे केले, त्यावर ॲल्युमिनियमच्या दांड्यांची अँटेना चढवली आणि खाली बूस्टर लावला. अँटेना फिरवायला गच्चीवर कोण चढायचं, 'रामायण' बघायला कोणाच्या घरी गर्दी व्हायची, या गोष्टी प्रत्येक घरात आहेत. त्यात मी शिरत नाही.

आमचा संच मुंबईहून आला. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. संप मिटायची चिन्हं दिसेनात, तेव्हा आमचे चुलते, तात्या, बिऱ्हाड आवरून गावी आले. त्या बिऱ्हाडात हा वीस इंची टीव्ही होता. चार काटकुळे पाय, सरकती लाकडी दारं, दाराला कुलूप. परीक्षा जवळ आल्या की किल्ली तात्यांच्या करदोट्याला. कंपनीचं नाव सांगत नाही, आकाशवाणीवर ती जाहिरात व्हायची. आतली पिक्चर ट्यूब मात्र बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची आहे. ती सरकारी, तेव्हा चालून जाईल.

रंगीत टीव्ही आला तसा हा माळ्यावर गेला. खाली काढला तेव्हा घरातल्या प्रत्येकाचा हात प्लगकडे जात होता. पारनेरच्या एसटी स्टँडमागे एक काका आहेत. आता मिक्सर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात, पण उमेदीची वर्षं त्यांनी टीव्हीत घातली. त्यांना निरोप गेला, तर त्यांचा उलटा निरोप आला, 'मी येईस्तोवर वायरीला हात लावायचा नाही.'

आल्यावर त्यांनी मागचं झाकण काढलं. झाकणाला आतून सर्किटचा छापील कागद चिकटवलेला होता. हा संच कधीतरी बिघडणार, कोणीतरी तो उघडणार, आणि त्या माणसाला आतलं समजलं पाहिजे, हे कारखान्यानं धरूनच ठेवलेलं. आजच्या कुठल्याही टीव्हीत मला असा कागद दाखवा.

आत बोटभर धूळ. हजारो व्होल्टच्या ओढीनं ती पिक्चर ट्यूबभोवतीच जास्त साचते. काका म्हणाले, 'गुरुजी, बघायचं आसंल तर डावा हात खिशात घाला.' ही जुन्या मेकॅनिक लोकांची शिस्त. दोन्ही हात आत असले आणि धक्का बसला, तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जाते. पिक्चर ट्यूबला पंधरा हजारांच्या आसपास व्होल्ट लागतात, आणि टीव्ही बंद केल्यावरही ते काही काळ काचेत साठून राहतात. काकांनी स्क्रूड्रायव्हरला वायर बांधली, तिचं दुसरं टोक चासीला लावलं आणि ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली पातं हळूच सरकवलं. काही झालं नाही. इतकी वर्षं माळ्यावर पडलेल्या ट्यूबमध्ये काही उरलेलं नसणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी पातं गेलंच.

मग सिरीज बोर्ड. म्हणजे टीव्हीच्या वाटेत दोनशे वॅटचा साधा बल्ब. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब फटकन पूर्ण उजळतो आणि टीव्ही वाचतो. आमचा बल्ब लख्ख पेटला. दोष फिल्टर कंडेन्सरचा निघाला. या कंडेन्सरमधलं रसायन काळानं वाळतं, आतला पातळ थर विरतो आणि वीज अडवायची त्याची ताकद जाते. चाळीस वर्षांनंतर त्याला दोष तरी काय द्यायचा!

इथे एक वाद आहे. जुने संच जमवणारे शौकीन कंडेन्सरचा जुना डबा पोखरून नवा त्याच्या पोटात लपवतात. वरून सगळं जुनंच दिसतं. मी काकांना तसं सुचवून पाहिलं. ते म्हणाले, 'लपवायचं कशाला? उद्या दुसरा कोणी उघडंल, त्याला कळाया नको?' त्यांनी जुना डबा जागेवरच ठेवला, त्याच्या वायरी तोडल्या आणि नवे कंडेन्सर खालच्या बाजूला उघडे लावले. मला ते पटलं. टीव्हीचं पोट काढून आत मासे सोडणारे किंवा एलईडी बसवणारे लोकही मी पाहिलेत. त्यांच्याविषयी न बोललेलंच बरं.

पुढची अडचण व्हॉल्व्हची. हा संच मिश्र पिढीचा, थोडे ट्रान्झिस्टर, थोडे व्हॉल्व्ह. पीएल ५०४, पीवाय ८८, पीसीएल ८०५, ही नावं काकांच्या तोंडी पोरांच्या नावांसारखी येतात. नावातला पहिला 'पी' म्हणजे ३०० मिलिअँपिअर. त्यांचे हीटर दिवाळीच्या माळेसारखे एकापुढे एक जोडलेले, एक गेला की सगळे विझतात. आमचा पीसीएल ८०५ गेला होता. पुण्याच्या तपकीर गल्लीत दुकानदारानं नाव ऐकूनच मान हलवली. शेवटी जुन्या बाजारात, नळाच्या तोट्या आणि चष्म्याच्या काड्या यांच्या ढिगात, पिवळ्या खोक्यातला एक सापडला.

तो बसवला. व्हॉल्व्ह लालसर झाले आणि पडद्याच्या मधोमध एकच पांढरी आडवी रेघ उमटली. आम्ही टाळ्या वाजवणार, तोच काका ओरडले, 'ब्राइटनेस कमी करा!' सगळा उजेड एकाच रेघेवर पडला की तिथला लेप जळतो आणि डाग कायमचा राहतो. रेघेचा अर्थ, चित्र वरखाली पसरवणारा भाग बंद आहे. ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी सोल्डरला केसाएवढी भेग होती. राळ, कथील, सोल्डरिंग आयर्नचा एक चटका, आणि रेघ उघडून पडदाभर झाली.

पण लाइन, म्हणजे चित्राच्या ओळी आखणारा भाग, बरोबर चालते की नाही, हे काकांनी मीटरला विचारलं नाही. माझ्या नऊ वर्षांच्या नातवाला विचारलं, 'बाळा, शिट्टीवानी काही वाजतंय का?' पोरानं कानांवर हात ठेवले. आपल्याकडच्या पद्धतीत चित्राच्या ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी, आणि तेवढ्याच कंपनांची एक बारीक शिट्टी संचातून निघते. उतारवयात कानाला ती ऐकू येत नाही. काका आणि मी एकमेकांकडे बघत उभे होतो.

पडद्यावर आता मुंग्या होत्या. अँटेना जोडलेली असेल, तर या मुंग्यांतला अगदी थोडा अंश विश्वाच्या आरंभीच्या प्रारणाचा असतो. अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात ती खरखर शिरली, आणि तिचा अर्थ लागल्यावर १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आमच्या पश्चिमेला जुन्नर तालुक्यात, खोडदच्या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातल्या अशाच क्षीण लहरी टिपत असतात. नातवाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, 'मग कार्टून कुठाय?'

तर आलो त्या पहिल्या प्रश्नावर. गेल्या काही वर्षांत दूरदर्शननं ॲनालॉग प्रक्षेपण जवळपास सगळीकडे थांबवलं. संच ठणठणीत आणि आकाश रिकामं. उपाय एकच, सिंहगडाचं काम घरात करायचं. ते करतो मॉड्युलेटर, काडेपेटीहून थोडा मोठा डबा. डिश अँटेनाच्या सेट टॉप बॉक्समधून चित्र आणि आवाज त्याच्यात जातात, आणि बाहेर पडतात ते जुन्या चॅनेलच्या लहरींवर स्वार होऊन. चित्र एएमवर, आवाज एफएमवर. म्हणून तर पूर्वी रस्त्यानं फटफटी गेली की चित्रावर ठिपके उठायचे आणि आवाज मात्र स्वच्छ राहायचा, आत्ता तुम्हाला माझा येतोय तसा. लहरी वायरीतूनच जायच्या, वाट वीतभर. खुंटी खटखट फिरवून तीन नंबरवर आणली, आणि डीडी सह्याद्रीच्या बातम्या आल्या.

दिसतं कसं म्हणाल, तर माणसांचे चेहरे छान दिसतात, जुने मराठी सिनेमे त्याहून छान. खालून सरकणारी बारीक अक्षरं मात्र वाचता येत नाहीत. आणि रंगीत कपड्यांतलं क्रिकेट लावू नये. दोन्ही संघ राखाडी होतात, धाव कोणाची निघाली तेच कळत नाही. कसोटी लावावी.

जाताना काकांनी बजावलंय, महिन्यातून एकदा तासभर चालवायचा, नाहीतर कंडेन्सर पुन्हा झोपतील. आणि शिवारातल्या मोटारी सुरू असताना लावायचा नाही. व्होल्टेज पडलं की चित्र दोन्ही बाजूंनी आक्रसतं, पूर्वीही आक्रसायचंच. त्यामुळे आमच्याकडे महिन्याचा तो एक तास शेतीपंपांच्या विजेचं वेळापत्रक बघून ठरतो.